एसटीएम३२मध्ये व्होल्टेज घसरल्याची सूचना वेळेवर मिळत नाही. लाईट जाताना लिटरची नोंद कशी वाचवावी?

माळवा_बोर्ड, इंदूर

नमस्कार. देपालपूरच्या बाजूला आमच्या परिचितांचे शेत आहे. तिथल्या विहिरीवर तीन भावांचे ओलित चालते. कोणाच्या वाफ्यात किती लिटर पाणी गेले, त्यावरून विजेच्या बिलाची वाटणी होते. त्या मोजणीसाठी मी एसटीएम३२एफ१०३सी८ ही मायक्रोकंट्रोलर चिप वापरून एक नियंत्रक तयार केला आहे. प्रवाहमापकाचे ठोके मोजून तो प्रत्येक भावाची एकूण बेरीज ठेवतो आणि दोन रिलेंच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडतो व बंद करतो.

पुरवठ्याची रचना साधी आहे. महाराणी रोडवरून आणलेला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे एसीचे डीसी करणारा डायोडांचा ब्रिज, मग १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यानंतर ५ व्होल्टचा ७८०५ आणि शेवटी ३.३ व्होल्टचा १११७ रेग्युलेटर. ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांवर प्रत्येकी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. रिले चालू असताना आणि पडद्यामागचा दिवा लागलेला असताना संपूर्ण बोर्ड ब्रिजच्या बाजूने सुमारे १०० मिलिअँपिअर घेतो.

चालू बेरीज रॅममध्ये असते. लाईट जाताना ती फ्लॅशच्या, म्हणजे लाईट गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीच्या, शेवटच्या पानात लिहून ठेवावी, या हेतूने मी या चिपमधील व्होल्टेजवर नजर ठेवणारा भाग, म्हणजे पीव्हीडी, चालू केला आहे. पातळी सर्वांत वरची, २.९ व्होल्टची, निवडली आहे. इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचे काम करायला लावणारी हाक, देणाऱ्या एक्स्टी या भागाची १६ क्रमांकाची रेषा फॉलिंग एजवर, म्हणजे संकेत १ वरून ० होताना, ठेवली असून इंटरप्टला सर्वोच्च प्राधान्य दिले आहे. इंटरप्ट आला की ते पान पुसतो आणि त्यावर नवी बेरीज लिहितो.

टेबलावर हे सारे व्यवस्थित चालले. बोर्डाला बदलता पुरवठा जोडून मी व्होल्टेज हाताने २.५ पर्यंत उतरवले, परत ३.३ वर आणले, आणि ‘नोंद झाली’ हे दर्शवणारा दिवा प्रत्येक वेळी लागला. शेतावर मात्र तीन निरनिराळे प्रकार घडतात. बहुतेक वेळा लाईट गेल्यानंतर जुनीच बेरीज दिसते. काही वेळा ते पान पूर्ण कोरे सापडते. आणि दोन वेळा तर तिन्ही भावांची बेरीज शून्य झालेली आढळली, जे मला मुळीच उलगडत नाही. गव्हाला पाणी देण्याचे दिवस आहेत, एका डीपीवर बऱ्याच मोटरी चालतात आणि लाईट पाळीने येते, त्यामुळे व्होल्टेज वारंवार खाली-वर होत असते. हिशेबावरून भावाभावांत वाद होऊ नये, ही माझी खरी काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मकरपुरा_बेंच, बडोदे

आपण दिलेल्या माहितीत तिन्ही प्रकारांची कारणे दडलेली आहेत, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करतो.

पहिली चूक एजच्या दिशेची आहे आणि ती अनेकांकडून होते, कारण नावच फसवे आहे. एक्स्टीच्या १६ क्रमांकाच्या रेषेवर आपले व्होल्टेज येत नसते, तर पीव्हीडीचा पीव्हीडीओ हा संकेत येतो. व्होल्टेज ठरवलेल्या पातळीच्या खाली गेले की हा संकेत १ होतो आणि वर आले की ० होतो. म्हणजे व्होल्टेज पडते तेव्हा या रेषेवर रायझिंग एज (० वरून १ होणे) येते. आपण फॉलिंग एज निवडल्यामुळे आपला इंटरप्ट व्होल्टेज पडताना येतच नव्हता. तो व्होल्टेज परत वर येताना येत होता. टेबलावर आपण व्होल्टेज उतरवून पुन्हा चढवले, दिवा चढवताना लागला, आणि आपल्याला वाटले की तो उतरवताना लागला. शेतावर मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर दबून परत आले की नोंद होत असणार, आणि लाईट पूर्णच गेली की काहीच होत नसणार. जुनी बेरीज दिसण्याचे कारण हेच.

शून्य होण्याचे कारणही याच्याशीच जोडलेले आहे, असे मला वाटते. ही चिप पुरवठा सुमारे १.९२ व्होल्टवर पोहोचताच रीसेटमधून बाहेर पडून चालू लागते. दबलेल्या लाईटवर आपला कपॅसिटर हळूहळू भरत असेल, तर प्रोग्रॅम सुरू होऊन पीव्हीडी चालू करण्याच्या ओळीपर्यंत पोहोचतो तेव्हा व्होल्टेज अजून २.९ च्या खालीच असू शकते. त्यानंतर ते पातळी ओलांडते, पीव्हीडीओ १ वरून ० होतो, आपला फॉलिंग एजचा इंटरप्ट येतो आणि रॅममधली बेरीज, जी अजून फ्लॅशमधून वाचलेलीच नाही, म्हणजे शून्य, ती पानावर लिहिली जाते. म्हणून एजची दिशा बदलाच, पण त्यासोबत एक शिस्तही पाळा. पीव्हीडी चालू केल्यावर आधी पीव्हीडीओ ० होण्याची वाट पाहा, मग जुनी बेरीज वाचा, रेषेवर प्रलंबित राहिलेली खूण पुसा, आणि त्यानंतरच इंटरप्टला परवानगी द्या. हॅल ही चिपच्या निर्मात्याची तयार कोडची लायब्ररी वापरत असाल तर तिच्यातला ‘रायझिंग’ हा शब्दही पीव्हीडीओच्याच दृष्टीने वापरलेला आहे, हे लक्षात असू द्या.

आता कोऱ्या पानाकडे वळतो. इथे केवळ एज बदलून भागणार नाही. २.९ ची पातळी म्हणजे नेमके २.९ नव्हे. उतरताना ती साधारण २.७८ व्होल्टला लागते, आणि चिपगणिक २.६६ ते २.९० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. चढतानाची पातळी साधारण ०.१ व्होल्ट वर असते. फ्लॅशमध्ये लिहिणे २.० व्होल्टपर्यंतच ग्राह्य आहे. म्हणजे आपल्या हाती सुमारे ०.७८ व्होल्टची घसरण आहे. ३.३ ची तार पडू लागते तेव्हा दोन्ही रेग्युलेटर आधीच दम सोडून इनपुटच्या मागोमाग उतरत असतात, म्हणून तिन्ही कपॅसिटर एकत्र धरता येतील: १२०० मायक्रोफॅरड. त्याला ०.७८ ने गुणून १०० मिलिअँपिअरने भागा. उत्तर येते जेमतेम ९.४ मिलिसेकंद. या चिपचे एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. पुसणे अर्धवट राहिले किंवा पुसून झाल्यावर लिहायला व्होल्टेजच उरले नाही, तर पान कोरे दिसणारच.

थोडक्यात, सूचना योग्य दिशेने आली तरी ती आपल्याला उशिराच मिळते. जिथे पुरेसा साठा शिल्लक असतो, तिथे नजर ठेवायला हवी.

माळवा_बोर्ड, इंदूर

आपले मनःपूर्वक आभार. एजची गोष्ट वाचून मी लगेच ऑसिलोस्कोप लावला. एक वाहिनी ३.३ च्या तारेवर आणि दुसरी नोंदीच्या दिव्यावर ठेवून बोर्डाचा प्लग काढला, तेव्हा आपण सांगितले तेच दिसले: जुन्या सेटिंगमध्ये प्लग काढताना दिवा हलतसुद्धा नाही. एज बदलल्यावर इंटरप्ट २.८ च्या आसपास येतो आणि तिथून २.० पर्यंतचे अंतर ११ मिलिसेकंदांत संपते, म्हणजे आपल्या हिशेबाच्या अगदी जवळ.

आणखी एक गोष्ट इथे नोंदवतो, कारण तिच्यामुळे माझा अर्धा दिवस वाया गेला. पहिल्या दोन मोजण्यांत बोर्ड प्लग काढल्यानंतरही चालूच राहिला. प्रोग्रॅमर जोडलेला होता आणि त्याच्या ३.३ व्होल्टच्या पिनमधून बोर्डाला पुरवठा मिळत होता. व्होल्टेज पडण्याची कोणतीही चाचणी करताना प्रोग्रॅमर आणि संगणकाकडे जाणाऱ्या सर्व तारा काढून ठेवाव्यात.

आता प्रश्न असा की नजर कुठे ठेवावी? ब्रिजनंतरच्या कपॅसिटरवर ठेवली तर कोणती पातळी निवडावी? शेतावर लाईट १७० व्होल्टपर्यंत दबलेली मी स्वतः पाहिली आहे.

लष्कर_प्रयोगशाळा, ग्वाल्हेर

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवतो, म्हणून आधी एक मूळ भेद मांडतो आणि मग आपल्या प्रश्नाकडे येतो.

व्होल्टेज घसरल्याची दखल दोन कामांसाठी घेतली जाते. एक म्हणजे पूर्वसूचना, जी मिळाल्यावर प्रोग्रॅमने आवराआवर करायची असते. दुसरे म्हणजे रीसेट, जो प्रोसेसरला अपुऱ्या व्होल्टेजवर वेडेवाकडे चालू न देता थांबवून ठेवतो. ही दोन कामे एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि प्रत्येक चिप दोन्ही देतेच असे नाही. एटीमेगा३२८पी या दुसऱ्या चिपमध्ये ब्राउन-आउटची, म्हणजे अपुऱ्या व्होल्टेजवर रीसेट देण्याची, पातळी १.८, २.७ किंवा ४.३ व्होल्ट अशी फ्यूजने (प्रोग्रॅमबाहेरच्या सेटिंगने) ठरते, चालू प्रोग्रॅमला ती बदलता येत नाही आणि पातळी लागली की थेट रीसेट होतो, इंटरप्ट येत नाही. तिथे पूर्वसूचना हवी असेल तर ती स्वतः उभी करावी लागते. माझे विद्यार्थी ५ व्होल्टवर १६ मेगाहर्ट्झने चालणाऱ्या बोर्डासाठी २.७ ची पातळी निवडतात, तेव्हा मी त्यांना वेगाचा आलेख पुन्हा पाहायला सांगतो. २.७ व्होल्टवर त्या चिपला १० मेगाहर्ट्झपर्यंतच मुभा आहे. ४.३ निवडली नाही, तर मधल्या पट्ट्यात प्रोसेसर चुकीच्या सूचना पाळू शकतो आणि ईईप्रॉम या टिकाऊ मेमरीतला मजकूर बिघडवू शकतो. रेनेसासच्या आरएल७८ या चिपमध्ये याउलट ऑप्शन बाइटने, म्हणजे तशाच एका सेटिंगने, असा प्रकार निवडता येतो की वरच्या पातळीवर इंटरप्ट आणि खालच्या पातळीवर रीसेट मिळतो. ही मांडणी मला सर्वांत समंजस वाटते.

आपल्या एफ१०३मध्ये पूर्वसूचनेसाठी पीव्हीडी आहे, आणि रीसेटसाठी १.८८ व्होल्टच्या आसपासची एक ठरलेली पातळी आहे, जी बदलता येत नाही. बेरीज महत्त्वाची असल्यामुळे रीसेट थोडा वर हवा असे वाटले, तर बाहेरून मॅक्स८०९ हा तीन पायांचा रीसेट देणारा भाग लावता येतो. पण त्याचा २.९३ व्होल्टचा प्रकार घेऊ नका, कारण तो पीव्हीडीच्या आधीच रीसेट देईल. २.६३ चा प्रकारही तेव्हाच लावा, जेव्हा आपले लिहिणे त्या पातळीच्या आधी पूर्ण होणार असेल.

आता नजर कुठे ठेवावी, ते पाहू. कपॅसिटरवरचे व्होल्टेज १०० किलोओहम आणि १८ किलोओहमच्या विभाजकातून एडीसीच्या, म्हणजे व्होल्टेज मोजून त्याचा आकडा देणाऱ्या भागाच्या, पिनवर आणा. १६ व्होल्टला तिथे २.४४ व्होल्ट येतील आणि २० व्होल्टला ३.०५, म्हणजे पिनला धोका नाही. नमुना घेण्याचा कालावधी मोठा ठेवा आणि पिनपाशी १० नॅनोफॅरड लावा. या चिपच्या एडीसीमध्ये अ‍ॅनालॉग वॉचडॉग आहे. मोजणी ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेली की तो स्वतः इंटरप्ट देतो, प्रोग्रॅमला सतत विचारत बसावे लागत नाही. एडीसीचा संदर्भ ३.३ ची तारच असली तरी इथे अडचण नाही, कारण ७८०५ ला ७ व्होल्ट मिळत आहेत तोवर ती तार स्थिर असते, आणि आपल्याला त्याच्या वरचीच घटना पकडायची आहे.

पातळीविषयी. पूर्ण २३० व्होल्टवर आपल्या कपॅसिटरवर साधारण १५ व्होल्ट असतील. १७० व्होल्टला तोच आकडा ११ च्या जवळ येतो. त्यात १०० हर्ट्झचा तरंग आहे: १०० मिलिअँपिअर गुणिले १० मिलिसेकंद भागिले १००० मायक्रोफॅरड, म्हणजे १ व्होल्ट. म्हणून तळ १० व्होल्टला धरा. पातळी ८.५ व्होल्टला ठेवली, तर दबलेल्या लाईटमुळे खोटी सूचना येणार नाही. पिनवर ती १.३० व्होल्ट होते, म्हणजे एडीसीचा आकडा सुमारे १६१०.

राजवाडा_सर्किट, इंदूर

वरच्या मांडणीशी मी सहमत आहे. फ्लॅशबद्दल मात्र माझे मत ठाम आहे, कारण अशाच एका मोजयंत्रावर मी दोन हंगाम घालवले आहेत. लाईट जाताना पान पुसायचेच नाही. पुसणे हे शांतपणे करण्याचे काम आहे, आणि लाईट जाताना फक्त लिहायचे असते.

या चिपचे पान १ किलोबाइटचे आहे. तीन बेरजा प्रत्येकी ४ बाइटच्या, एक क्रमांक २ बाइटचा आणि नोंद शाबूत आहे का हे तपासणारा पडताळा २ बाइटचा धरला, तर एक नोंद १६ बाइटची होते आणि एका पानात ६४ नोंदी मावतात. प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीच्या पुढच्या कोऱ्या जागेत लिहावी. फ्लॅशमध्ये एका वेळी २ बाइट लिहिले जातात आणि त्याला जास्तीत जास्त ७० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे पूर्ण नोंद ०.५६ मिलिसेकंदात संपते. ४० मिलिसेकंदांच्या पुसण्याशी याची तुलना करून पाहा. पडताळ्याचे २ बाइट सर्वांत शेवटी लिहावेत. ते जुळले नाहीत तर ती नोंद अपूर्ण समजून तिच्या आधीची घ्यावी. दोन पाने आलटून पालटून वापरावीत. पानाची हमी १०,००० वेळा पुसण्याची आहे. दोन पानांत मिळून १२ लाख ८० हजार नोंदी होतात. दिवसाला वीस वेळा लाईट गेली, तरी आपल्या हयातीत ती पाने झिजणार नाहीत.

दुसरे पान कधी पुसावे, यात एक खोच आहे. पुसणे चालू असताना फ्लॅशमधून सूचना वाचता येत नाहीत, म्हणजे प्रोग्रॅम त्या जागी थबकतो. नेमकी तेव्हाच लाईट गेली तर अ‍ॅनालॉग वॉचडॉगचा इंटरप्ट ताटकळत राहील आणि रिलेंसह बोर्ड त्या वेळात १०० मिलिअँपिअर खात राहील. म्हणून पुसण्याचे काम बोर्ड सुरू होताना करावे: व्होल्टेज काही सेकंद स्थिर राहिल्यावर, पण रिले आणि पडद्याचा दिवा चालू करण्यापूर्वी. तेव्हा चालू पानात वीसपेक्षा कमी जागा उरल्या असतील तरच दुसरे पान पुसावे. त्या क्षणी लाईट गेली तरी जुन्या पानातली शेवटची नोंद सुरक्षित असते. फक्त पुढच्या वेळी अर्धवट पुसलेले पान कोरे मानण्याची चूक करू नये, ते पुन्हा पुसावे.

ठोके मोजण्यासाठी इंटरप्टऐवजी टायमरला बाहेरून क्लॉक द्यावा, अशीही माझी विनंती आहे. प्रोग्रॅम थबकला तरी टायमर मोजत राहतो. पाणी मोजण्याच्या यंत्रात थेंबाचासुद्धा हिशेब लागला पाहिजे.

मकरपुरा_बेंच, बडोदे

ग्वाल्हेरच्या मित्रांनी सुचवलेल्या ८.५ व्होल्टबद्दल एक शंका मांडतो. लाईट १५० व्होल्टपर्यंत दबली, आणि ओलिताच्या दिवसांत तारेच्या शेवटच्या टोकाला ती दबू शकते, तर कपॅसिटरवरचा शिखरांक ९.७ च्या आसपास आणि तळ ८.७ ला येतो. म्हणजे सूचना आणि साधी दबलेली लाईट यांत ०.२ व्होल्टचेच अंतर उरते. पातळी खाली आणली तर वेळ कमी पडतो. या ओढाताणीतून दोन वाटा निघतात आणि दोन्ही एकत्र वापराव्यात, असे मला वाटते.

पहिली वाट म्हणजे लाईट गेली हे कपॅसिटरवर न पाहता त्याच्या आधी पाहणे. ट्रान्सफॉर्मरच्या १२ व्होल्टच्या बाजूच्या दोन्ही टोकांवरून दोन वेगळे १एन४१४८ डायोड घ्या, त्यांचे कॅथोड जोडा, आणि तो न गाळलेला तरंग विभाजकातून एका पिनवर आणा. ५० हर्ट्झच्या लाईटवर तिथे दर १० मिलिसेकंदांनी एक ठोका येतो. २५ मिलिसेकंद ठोका आला नाही, तर लाईट गेलीच. दबलेल्या लाईटवरही ठोके येत राहतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. कृपया हा संकेत २३० व्होल्टच्या बाजूने घेऊ नका. ओल्या शेतात, पत्र्याच्या पेटीत बसणाऱ्या बोर्डावर ती जोखीम पत्करण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी वाट म्हणजे सूचना मागे घेता येईल अशी ठेवणे. अ‍ॅनालॉग वॉचडॉगचा इंटरप्ट आला की रिले आणि पडद्याचा दिवा बंद करावा, घड्याळ अंतर्गत ८ मेगाहर्ट्झवर आणावे (फ्लॅशमध्ये लिहिण्यासाठी हे अंतर्गत घड्याळ चालू असावेच लागते), नोंद लिहावी आणि थांबून पाहावे. व्होल्टेज ९.५ च्या वर दोन सेकंद टिकले तर पूर्ववत काम सुरू करावे. बेरीज बदललेली नसेल तर दुसऱ्यांदा लिहू नये.

रिले बंद होताच आपला भार २५ मिलिअँपिअरच्या आसपास येईल. ८.५ ते ७ व्होल्ट, म्हणजे १.५ व्होल्ट, गुणिले १००० मायक्रोफॅरड भागिले २५ मिलिअँपिअर: ६० मिलिसेकंद. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २० टक्के कमी भरू शकतो आणि उन्हात तापलेल्या पेटीत काही वर्षांनी आणखी सुकतो, म्हणून तो बदलून २२०० मायक्रोफॅरडचा घ्या. तरंगही निम्म्यापेक्षा कमी होईल. मग १३२ मिलिसेकंद मिळतात, आणि काम अर्ध्या मिलिसेकंदाचे आहे. पीव्हीडी काढून टाकू नका. तो आता शेवटचा पहारेकरी आहे: तो लागला की नवे लिखाण सुरू करायचे नाही, एवढेच त्याचे काम ठेवा.

चाचणी डिमरस्टॅटवर, म्हणजे लाईटचे व्होल्टेज हाताने कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, करा. लाईट झटक्यात जाणे ही सोपी परीक्षा आहे. २३० वरून अगदी सावकाश खाली येऊन, १४० ते १६० च्या पट्ट्यात पाच-दहा मिनिटे घुटमळत ठेवणे ही अवघड परीक्षा आहे. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या बोर्डाने ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक बाजू रिलेमधून अनियमित अंतराने तोडत-जोडत राहा आणि प्रत्येक वेळी नोंद वाचून ताडून पाहा.

लष्कर_प्रयोगशाळा, ग्वाल्हेर

बडोद्याच्या मित्रांचा आक्षेप मला मान्य आहे. मी १७० व्होल्टवर थांबलो, ती माझी त्रुटी होती. ठोक्यांवरून लाईट ओळखण्याची पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. नोंदींची संख्या फारच वाढली आणि फ्लॅशची चिंता नको असेल, तर एफएम२४सीएल६४बी हा फेरोइलेक्ट्रिक रॅम हाही पर्याय आहे. त्यात लिहिण्याआधी पुसावे लागत नाही, लिहिल्यावर थांबावे लागत नाही आणि त्याची सहनशक्ती १०० लाख कोटी वेळांची सांगितली आहे. मात्र आपल्या कामाला वरची फ्लॅशची मांडणी पुरेशी आहे, असे माझेही मत झाले आहे.

माळवा_बोर्ड, इंदूर

सर्वांचे बदल करून आठ दिवस चाचणी घेतली, तिचा तपशील देतो.

कपॅसिटर २२०० चा केला, दोन डायोडांचा ठोका घेतला, अ‍ॅनालॉग वॉचडॉग ८.५ व्होल्टला लावला आणि नोंदी दोन पानांत एकापुढे एक लिहू लागलो. दुसऱ्या बोर्डाने ४०० वेळा पुरवठा तोडला. पहिल्या ६० तोडण्यांत तीन नोंदी चुकल्या, आणि तिन्ही वेळा कारण एकच निघाले: रिले बंद करण्याची ओळ मी नोंद लिहिण्याच्या नंतर ठेवली होती, आणि नोंदीच्या आधी पडद्यावर ‘लाईट गेली’ असे लिहिण्याचा मोह मला आवरला नव्हता. पडद्यावर लिहायला नोंद लिहिण्यापेक्षा किती तरी जास्त वेळ लागत होता. पडद्याची ओळ काढून टाकली आणि रिले सर्वांत आधी बंद केले. त्यानंतरच्या ३४० तोडण्यांत प्रत्येक नोंद पडताळ्यासह जुळली.

डिमरस्टॅटवर १५२ व्होल्टला बोर्ड दोन वेळा सूचना देऊन परत सावरला, व्हॉल्व्ह बंद होऊन पुन्हा उघडले आणि बेरीज एका लिटरनेही हलली नाही. दोन सेकंदांच्या प्रतीक्षेऐवजी मी दहा सेकंद ठेवले आहेत, कारण व्हॉल्व्ह लागोपाठ उघडझाप करू लागले तर नळीत पाण्याचा धक्का बसतो, असे शेतावरच्या मोठ्या भावांनी सांगितले.

काल बोर्ड विहिरीवर बसवला. संध्याकाळच्या पाळीत लाईट चार वेळा गेली, आणि पानात चार नोंदी आहेत.